मेढ पुरताना

गोठा बांधायचा म्हटलं की येणारा-जाणारा आधी छपराचं विचारतो. कौलं घालणार की पत्रे? शेजारचे अण्णा मात्र खड्ड्यांपाशी येऊन बसतात. छप्पर काय, दरसाल शाकारता येतं. मेढ पुन्हा कोण पुरणार, हा त्यांचा सवाल.

आमच्याकडच्या गोठ्याला पाया नसतो. ऐनाच्या मेढी, त्यांच्या बेचक्यात बसवलेलं आढं, त्यावरून उतरणारे वासे. छपराचं ओझं मेढींतून सरळ जमिनीत जातं. त्यामुळे कारवीच्या कुडाकडे आडोशापलीकडे काही काम उरत नाही. कोपरा काटकोनात आहे की नाही, हे दोरीवर तीन, चार आणि पाच फूट मोजून पाहायचं. मग ओळंबा लावायचा आणि मेढीभोवती मुरूम थोडा थोडा टाकत पहारीच्या बुडाने ठेचत जायचं. सगळा मुरूम एकदम लोटला की वरून घट्ट आणि आत पोकळ.

जुनी मेढ उपटून पाहा. खालचं टोक बहुतेक धड असतं, वरचा भागही खणखणीत. खाल्लेली असते ती जमिनीलगतची कंबर. खोलवर हवा पुरेशी नाही, वर ओल टिकत नाही. मधल्या वीतभर पट्ट्यात दोन्ही भेटतात आणि बुरशीचं फावतं. म्हणून साल सोलायची, बुंधा जाळावर फिरवून काळा करायचा आणि डांबर मातीच्या वर वीतभर येईल असं चोपडायचं. पुरलेल्या भागापुरतंच डांबर लावून हात धुणाऱ्यांची मला कीव येते. गोठ्यात तर गुरांचं मूत रोजचं. उतार मेढीपासून लांब काढला नाही तर डांबरही किती दिवस पुरणार? अवसेला तोडलेल्या लाकडाला भुंगा लागत नाही, असं अण्णा म्हणतात. त्यावर मी वाद घालत नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा वाडीवाडीतले पत्रे उडाले. वारा छप्पर नुसता ढकलत नाही, वर उचलतो. तेव्हा मेढीने पेलायचं तसं धरूनही ठेवायचं असतं. यंदा प्रत्येक मेढीच्या बुडाशी आडवा खुंटा ठोकूनच ती पुरली. उपसायची झाली तर वरची सगळी माती सोबत उचलावी लागेल.

घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन घरांचं लाकूड केव्हाच मातीत गेलेलं, पण खांबांचे खड्डे ओळखू आले. त्यांवरून घर चौकोनी की गोल, हेही सांगता आलं. अण्णांना म्हटलं, तीन हजार वर्षांपूर्वीचे खड्डे आहेत हे.

"मग नीट खणले असतील," म्हणाले आणि पहार माझ्या हातात देऊन विडी पेटवायला बसले.