वाचनाची शिदोरी

धर्मगुरूच्या खोलीत येणाऱ्या माणसाचे लक्ष प्रथम भिंतीवरील क्रूसाकडे जाते आणि मग पुस्तकांच्या कपाटाकडे. क्रूसाविषयी त्याला काही विचारायचे नसते. कपाटाकडे पाहून मात्र तो हमखास विचारतो, "फादर, ही सगळी तुम्ही वाचलीत?" या प्रश्नात कौतुक असते आणि थोडी कीवही असते. एवढा वेळ या माणसाला मिळतो कोठून, आणि एवढे वाचून शेवटी करायचे काय, ही शंका त्यामागे असते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत सेवा करीत असताना हा प्रश्न आम्ही इतक्या वेळा ऐकला आहे, की त्याचे उत्तर एकदा नीट लिहून काढावे असे वाटू लागले.

सेमिनरीत असताना हा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. तेथे सगळेच वाचणारे. भोजनगृहात एकाने उभे राहून वाचावे आणि इतरांनी मुकाट्याने जेवत ऐकावे, ही मठांतून चालत आलेली जुनी पद्धत आमच्या कानांना वळण लावून गेली. एखादे पुस्तक संपत आले की ते मागायला दुसरा दारात उभा असे. पुढे दीक्षा झाली, धर्मग्राम मिळाला, आणि पुस्तकावर बोलायला माणूस उरला नाही. रात्री कादंबरीचे शेवटचे पान मिटावे आणि त्यातले कोणाला सांगावे हे सुचू नये, अशी ती स्थिती. सकाळी मिस्साला येणाऱ्यांपैकी एकाला द्राक्षबागेच्या छाटणीची चिंता, दुसऱ्याला मुलीच्या सोयरिकीची, तिसऱ्याला दवाखान्याच्या बिलाची. त्यांच्यापुढे कादंबरीचा विषय काढायचा कसा?

नवल असे, की हा मुलूख अक्षरशत्रू मुळीच नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि पुढे साताऱ्यातून तिचा विस्तार केला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचा संसार मांडला तो वाईसारख्या लहान गावात. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. सांगली जिल्ह्यातील वाटेगावचे अण्णाभाऊ साठे जेमतेम दीड दिवस शाळेत गेले आणि मुंबईत दुकानांच्या पाट्या व सिनेमाची पोस्टरे पाहून अक्षरे शिकले असे सांगतात. त्याच अण्णाभाऊंची 'फकिरा' १९५९ साली प्रसिद्ध झाली. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९९३ साली साताऱ्यात भरले, २००८ साली सांगलीत. अशा भूमीत किती घरांत शाळेच्या पुस्तकांखेरीज दुसरे पुस्तक दृष्टीस पडते? आमच्या ख्रिस्ती घरांचेही तेच. बायबल असते, पण पुष्कळदा ते लग्नात भेट मिळालेले, वेष्टनासह उंच फळीवर ठेवलेले असते.

याला आळस म्हणून मोकळे होणे सोपे आहे; ते खरे नाही. साखर कारखान्यात रात्रपाळी करून आलेल्या माणसाच्या डोळ्यांना बारीक अक्षर सोसत नाही. पहाटेच्या पाण्यापासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत उभी असलेली गृहिणी बसते ती झोपण्यासाठीच. आमच्या कुटुंबांची आणखी एक अडचण आहे. कोणी वसईहून, कोणी गोव्याहून, कोणी नगरकडून, कोणी तमिळनाडूतून, रेल्वेच्या, शाळेच्या वा रुग्णालयाच्या नोकरीनिमित्त मिरज-सांगलीस आलेले. आजीची भाषा एक, बापाची शाळा मराठी, नातवंडाची इंग्रजी. ते नातवंड मराठी वाचते ते अक्षर अक्षर जोडून. एका छपराखाली तीन पिढ्या राहतात, आणि तिघींना मिळून वाचता येईल असे एकही पुस्तक त्या छपराखाली नसते. आमच्या मते खरी काळजीची गोष्ट ही आहे. पुस्तक गेले तर करमणुकीची दुसरी साधने आहेत. पण आजीच्या आणि नातवाच्या मध्ये असलेली भाषा गेली, तर श्रद्धेच्या गोष्टी कोणी कोणाला कोणत्या शब्दांत सांगायच्या?

या बाबतीत आम्हांला वाट दाखविली ती एका निरक्षर म्हातारीने. गुडघ्यांमुळे तिला चर्चला येणे होत नसे. महिन्यातून एकदा आम्ही ख्रिस्तप्रसाद घेऊन तिच्या घरी जात असू. एकदा आमच्या पिशवीतून पुस्तक डोकावत होते. तिने विचारले, "ह्ये कशाचं पुस्तक?" आम्ही थोडक्यात सांगितले. ती म्हणाली, "फादर, एकट्यानं खाल्ल्यालं अंगी लागत न्हाई म्हणत्यात. तुमी वाचताय त्यातलं थोडं आमास्नी बी सांगा की."

त्या वाक्यात धर्मज्ञान आहे असे आम्ही मानतो. वाचणे म्हणजे एकट्याने, मनातल्या मनात वाचणे, ही समजूत तशी अलीकडची आहे. प्रेषितांच्या कृत्यांत इथिओपियाचा अधिकारी रथात बसून यशया वाचतो. तो मोठ्याने वाचत होता म्हणूनच फिलिपाला ते ऐकू आले आणि दोघांचे बोलणे झाले. नहेम्याच्या ग्रंथात एज्रा शास्त्री पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, सारी प्रजा उभी राहून ऐकते आणि लेवी तिला अर्थ समजावून सांगतात. प्रभू येशूनेही नाझरेथच्या सभास्थानात उभे राहून वाचन केले, ग्रंथपट सेवकाच्या हाती परत दिला आणि मग त्या वचनावर लोकांशी संवाद केला. तेथे जमलेल्यांपैकी किती जणांना अक्षरओळख होती याची चौकशी शुभवर्तमान करीत नाही. आपल्याकडेही चातुर्मासात देवळात 'पांडवप्रताप' लागे; वाचणारा एक आणि ऐकणारे अवघे गाव.

आमच्या मराठी ख्रिस्ती साहित्याचा जन्मच अशा ऐकणाऱ्यांसाठी झाला. इंग्लंडमधून १५७९ साली गोव्यास आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराण' रचले ते ओवीत. कारण नवख्रिस्ती लोकांचे कान पुराणाला सरावलेले होते. हा ग्रंथ १६१६ साली प्रथम छापला गेला, पुढे १६४९ आणि १६५४ साली पुन्हा निघाला. या तिन्ही आवृत्त्यांची छापील प्रत आज हाती लागत नाही. तरीही ग्रंथ टिकला. चर्चमध्ये आणि घरोघरी तो मोठ्याने वाचला जाई, आणि भाविक कुटुंबांनी त्याच्या हस्तलिखित प्रती जपल्या. अशाच हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे त्याची नवी आवृत्ती काढली. छापखान्याने दिलेले काळाने नेले. घरातल्या आवाजाने राखलेले उरले. त्या घरांतील सगळेच काही वाचणारे नसतील. पण एकजण वाचत होता आणि बाकीचे ऐकत होते, एवढे त्या ग्रंथाला पुरले.

म्हातारीच्या सांगण्यावरून आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली. आठ-दहा कुटुंबे मिळून एका घरी संध्याकाळची प्रार्थना होत असे. प्रार्थना संपल्यावर चहा येईपर्यंतची पंधरा मिनिटे मागून घेतली आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचायला घेतली. निवड मुद्दाम केली होती. लक्ष्मीबाई शाळेत शिकलेल्या नव्हत्या; लग्नानंतर अडखळत अक्षरे गिरवलेल्या या बाईने १९३४ पासून प्रसिद्ध होत गेलेले हे आत्मचरित्र मराठीला दिले. शिवाय रेव्हरंड टिळक आयुष्याच्या अखेरच्या पर्वात साताऱ्यास येऊन राहिले होते, त्यामुळे ही माणसे ऐकणाऱ्यांना परकी वाटली नाहीत. पहिल्या दिवशी माणसे सभ्यपणे ऐकत राहिली. तिसऱ्या दिवशी सोवळ्याओवळ्याच्या प्रसंगाला बायका पदर तोंडाला लावून हसल्या. महिनाभराने कारखान्यात रात्रपाळीला जाणारा एक गृहस्थ वाटेत सायकल थांबवून आम्हांला विचारता झाला, "फादर, काल मी नव्हतो. पुढं काय झालं?" ज्या माणसाने दहावीनंतर पुस्तक हाती धरले नव्हते, त्याला पुढे काय झाले हे जाणून घेतल्याशिवाय कामावर जाववेना.

त्या मंडळींत बारा-तेरा वर्षांची एक मुलगी होती. मिळेल तो कागद वाचायचा, वाण्याची पुडीसुद्धा सोडायची नाही, अशी तिची खोड. आणि त्यापायी घरी रोजची बोलणी. "पुस्तकात तोंड घालून बसते, हाताला काम नको," हे तिच्या आईचे पालुपद. एके दिवशी आमचा घसा बसला म्हणून पुस्तक तिच्याकडे दिले. इंग्रजी शाळेतील ती पोर मराठी वाचताना ठेचकाळू लागली. ती चुकली की कोपऱ्यातून एखादी आजी शब्द नीट उच्चारून दाखवी. त्या आजीला एक अक्षर येत नव्हते. पण कान पक्का होता. डोळे मुलीचे आणि कान आजीचे, असे ते वाचन चालले. संध्याकाळी घरी जाताना आईने मुलीच्या हातातले पुस्तक आपल्या पिशवीत जपून ठेवलेले आम्ही पाहिले. त्यानंतर ते पालुपद आमच्या कानी आले नाही.

पोप फ्रान्सिस यांनी १७ जुलै २०२४ रोजी साहित्यवाचनाविषयी एक पत्र लिहिले. ते पत्र प्रथम धर्मगुरूंच्या जडणघडणीसाठी योजले होते. मग सर्वच ख्रिस्तीजनांसाठी ते खुले केले. त्यात त्यांनी आपल्या तरुणपणीची आठवण दिली आहे. १९६४-६५ मध्ये अर्जेंटिनातील सांता फे येथे ते शाळेत साहित्य शिकवीत. विद्यार्थ्यांना नेमलेले जुने काव्य नको होते, नवा कवी हवा होता. तेव्हा नेमलेले घरी वाचा आणि आवडीचे आपण वर्गात वाचू, अशी तोड त्यांनी काढली. साहित्य वाचताना आपण दुसऱ्या माणसाचा आवाज ऐकतो, हा त्या पत्रातील एक मुख्य विचार आहे. दुसऱ्याचा आवाज ऐकण्याची सवय मोडलेल्या माणसाला देवाचा आवाज तरी कसा ऐकू यावा?

वाचनाला जागा लागते आणि वेळही लागतो. जागेचे उदाहरण सातारा जिल्ह्यात आहे. पाचगणीजवळचे भिलार हे स्ट्रॉबेरीचे गाव ४ मे २०१७ पासून 'पुस्तकांचे गाव' झाले. वेल्समधील हे-ऑन-वाय या गावाची कल्पना त्यामागे होती. पण तेथे पुस्तकांची दुकाने, तर भिलारच्या लोकांनी आपल्या राहत्या घरांतील खोल्या पुस्तकांसाठी उघडून दिल्या. कोणीही यावे, बसावे, वाचावे. वेळेचे उदाहरण सांगली जिल्ह्यात आहे. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. तो वाजला की घराघरांतील दूरदर्शन संच आणि मोबाईल बंद करायचे, आणि साडेआठपर्यंत मुलांनी अभ्यास व वाचन करायचे, असे गावाने ठरविले. एकाच घराने असे केले असते तर ती शिक्षा वाटली असती. सगळ्या गावाने केले म्हणून त्याला व्रताचे रूप आले. पूर्वी आपल्या चर्चची संध्याकाळची घंटा वाजली की हातातले काम थांबे आणि देवदूताची प्रार्थना होई. त्याच जातीची ही गोष्ट आहे.

एवढे सगळे वाचून करायचे काय, या शंकेला आमचे उत्तर आता असे आहे. वाचणाऱ्याने वाचावे, आणि मग ते वाटावे. न वाचणाऱ्या माणसांत राहणारा वाचक हा विहिरीवर पाणी भरायला गेलेल्या माणसासारखा असतो; घागर भरली की तिने घरी आले पाहिजे. आणि न वाचणाऱ्यांनी त्याला एवढे द्यावे, की त्याला हसू नये. प्रत्येक धर्मग्रामात, बहुधा प्रत्येक आळीत, वाण्याची पुडी वाचणारे एखादे पोर असतेच. ते पोर पुढे मोठे होऊन आपल्या भाषेत आपल्या श्रद्धेची गोष्ट सांगणार आहे, किंवा तिच्यासाठी शब्द न सापडून गप्प बसणार आहे. यांपैकी काय घडेल हे पुष्कळसे आज संध्याकाळी त्याला घरात काय ऐकावे लागते यावर ठरते.

तेव्हा वाचकहो, प्रथम ख्रिस्तप्रसाद वा दृढीकरणाच्या सोहळ्याला पाकिटाबरोबर एक पुस्तक द्यावे. लग्नात मिळालेल्या बायबलचे वेष्टन काढावे. आणि तुमच्या घरी आलेल्या या अंकातील तुम्हांला आवडेल ते एक पान जेवणापूर्वी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावे. शक्यतो घरातील सर्वांत लहान वाचणाऱ्याकडून वाचून घ्यावे, आणि तो अडखळला तर थांबावे. वाचून झाल्यावर अंक शेजारच्या घरी द्यावा.