महाबळेश्वरीं बंगला घेण्यापूर्वीं

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली कीं घरोघरच्या मंडळींचें मन सह्याद्रीच्या माथ्याकडे धांव घेऊं लागतें. महाबळेश्वर हें त्यांपैकीं विशेष आवडतें स्थान. 1828 च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत येथें हवेचें ठिकाण वसलें व पेठेस ‘माल्कम पेठ’ हें नांव पडलें. परंतु जवळचें क्षेत्र महाबळेश्वर त्याहून पुष्कळ प्राचीन. तेथील पंचगंगेच्या देवळांत कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री व सावित्री यांचें पाणी ओंजळींत घेतांना घरांतील वडील माणसांच्या मुखावर जें समाधान दिसतें, त्यासाठींच प्रवासाचा हा खटाटोप.

पंधरा-वीस माणसांच्या कुटुंबास हॉटेलांतील सुट्या खोल्यांपेक्षां स्वयंपाकघर असलेला बंगला सोयीचा. तो आतां संकेतस्थळावरील चित्रें पाहून घरबसल्या ठरवितां येतो. मात्र या सोयीच्या आडून ठकही शिरले आहेत. भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्रानें एप्रिल 2025 मध्यें यात्रेकरूंस व प्रवाशांस खोट्या आरक्षण-स्थळांविषयीं जाहीर इशारा दिला होता.

मग पारख कशी करावी? प्रथम भूगोल उपयोगीं पडतो. वेण्णा तलाव पांचगणीच्या रस्त्यावर, तर सूर्यास्तासाठीं प्रसिद्ध असलेला बॉम्बे पॉइंट गांवाच्या दुसऱ्या अंगास. ‘बॉम्बे पॉइंटशेजारीं’ म्हणविणाऱ्या बंगल्याच्या खिडकींतून तलावांतील होड्या दिसूं लागल्या, तर तें चित्र भलत्याच घराचें समजावें. चित्र शोधयंत्रांत घालूनही पाहावें. तोच दिवाणखाना मनालीसही आढळला, तर उलगडा आपोआप होतो.

दुसरी गोष्ट संकेतस्थळाच्या वयाची. त्याचें नांव केव्हां नोंदलें गेलें, हें ‘हू-इज’ या नोंदींत बहुधा सांपडतें. दहा वर्षांच्या सेवेची बढाई आणि नांव मात्र दोन महिन्यांपूर्वींचें, असें दिसल्यास दूर राहावें. पत्त्याशेजारील कुलपाच्या चिन्हावरही विसंबूं नये. आपला मजकूर वाटेंत कोणी वाचूं शकत नाहीं, एवढेंच तें सांगतें. पलीकडचा मनुष्य सज्जन आहे कीं नाहीं, हें सांगत नाहीं.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट पैशांची. ‘आजच सर्व रक्कम भरा, नाहींतर बंगला दुसऱ्यास जाईल,’ अशी घाई करून कोणी खासगी खात्यावर पैसे मागूं लागला, तर व्यवहार तेथेंच थांबवावा. अनामत परत मिळावी म्हणून यूपीआयचा गुप्त अंक कोणी मागितल्यास तो निःसंशय ठक. पैसे घेण्यास तो अंक लागतच नाहीं. मालकास दृक्-संवादावर फाटकापासून माजघरापर्यंत घर दाखविण्यास सांगावें. खरा मालक सहसा कुरकुरत नाहीं.

इतकेंही करून फसगत झालीच, तर संकोचानें गप्प न बसतां तत्काळ 1930 या क्रमांकावर कळवावें व बँकेसही सांगावें. पैसे पुढील खात्यांत पळण्यापूर्वीं तक्रार पोंचली, तर ते अडविले जाण्याचा संभव असतो.

घाटांत धुकें उतरलेलें, कडेवर लेंकरूं पेंगुळलेलें, सासूबाईंचे गुडघे दुखत आहेत, आणि फाटकावरचा रखवालदार म्हणतो, “असें आरक्षण येथें नाहीं!” हा प्रसंग टाळण्यासाठीं निघण्यापूर्वीं अर्धा तास खर्च करणें जड वाटूं नये. घरांतील तरुण मुलामुलींकडे हें काम सोंपवावें. त्यांस तें आवडेलही.