नावे न पडलेला खर्च

व्यापारी घराच्या कीर्दीत सुतळीच्या बंडलाचाही खर्च नावे पडतो. हमाली, तोलाई, गाडीभाडे, गिऱ्हाइकाचा चहा, काहीही सुटत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या उशाशी बसणाऱ्याचा दिवस मात्र कोणत्याच खात्यात सापडत नाही.

सांगलीच्या हळदपेठेतील एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. मामंजींना अर्धांगवायू होऊन तीन वर्षे झाली. इस्पितळाचे मोठे बिल दुकानातून एकरकमी फिटले आणि नातलगांनी त्याचे कौतुकही केले. खरा खर्च त्यानंतर सुरू झाला: मालिश, व्यायाम करून घेणारे तज्ज्ञ, हवेची गादी, डायपर, पातळ आहार. रक्कम रोज थोडी, म्हणून तिला कोणी खर्च म्हणत नाही. थोरली सून ती घरखर्चातून भागवते. पूर्वी ती शिकवण्या घेत असे. त्या सुटल्या, तेव्हा हातचा पैसाही गेला. आता पाचशे रुपये मागितले की ‘संध्याकाळी बघू’ असे उत्तर येते. रात्री झोप लागत नाही ती मामंजींच्या हाकेने की त्या पाचशे रुपयांनी, हे तिलाही सांगता येणार नाही.

आणि ‘संध्याकाळी बघू’ म्हणणारा मुलगा कंजूष नसतो. त्याची उधारी अडकलेली असते, ठेव मोडलेली असते, आणि ते घरात सांगितले तर वडिलांच्या कानी जाईल या धास्तीने तो गप्प असतो. सासूबाई स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या एकाआड एक दिवस घेऊन काटकसर करतात. नोकरी सोडून माहेरी राहिलेली मुलगी तर हिशेबातच नसते. ‘ती काय, घरीच असते’ एवढ्यावर तिचा विषय संपतो. चौघांची काळजी एकच, पण चौघेही ती एकमेकांपासून लपवतात.

शास्त्राने वैयावृत्त्याची गणना सहा अभ्यंतर तपांत केली आहे. वर्षीतपाचे पारणे थाटात होते, तपस्व्याची शोभायात्रा निघते, आणि ते योग्यच आहे. तीन वर्षे रात्री उठणाऱ्या सुनेला मात्र ‘दमलीस का?’ असेही कोणी विचारत नाही.

शासनाच्या मदतीवर विसंबावे, तर आयुष्मान भारत योजनेत २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. पण ते इस्पितळात दाखल होण्याशी निगडित उपचारांपुरते. घरी वर्षानुवर्षे चालणारी शुश्रूषा त्यात बसत नाही. जुन्या करपद्धतीत ६० वर्षे पूर्ण केलेल्या आईवडिलांचा आरोग्यविमा नसेल, तर त्यांच्या औषधोपचारासाठी उत्पन्नातून ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. मात्र रोखीने दिलेला पैसा त्यात धरला जात नाही. म्हणजे सुनेने औषधवाल्याच्या हातावर ठेवलेल्या नोटा येथेही हिशेबाबाहेरच राहतात. त्या बँकेतून गेल्या असत्या, तर निदान कर वाचला असता. दुकानाच्या प्रत्येक पावतीबाबत दक्ष असणाऱ्या घराला हे सुचू नये, याचे नवल वाटते.

सेवेचे स्वतंत्र खाते उघडायला मोठी पूंजी लागत नाही. महिन्याच्या आरंभी ठरावीक रक्कम सुनेच्या बँकखात्यात जमा व्हावी, तिने ती मागू नये. व्यवसायाची खरी स्थिती, मंदी असली तर मंदीही, घरातील चौघांना ठाऊक असावी. आठवड्यातून दोन रात्री पगारी बाई ठेवली, तर त्या दोन रात्री सून दुसऱ्या खोलीत झोपू शकते. तो खर्च भावाभावांत कसा वाटायचा, हे ठरवण्यासाठी पाडव्याच्या वहीपूजनापर्यंत थांबण्याचे कारण नाही.