तळ्याभोवतीची फेरी

न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनीहून मॉन्ट्रियलच्या दिशेने निघालं, की दीड-दोन तासांत अ‍ॅडिरॉनडॅकच्या डोंगरांत स्क्रून लेक लागतं. उत्तर-दक्षिण पसरलेलं लांबट तळं. लांबी नऊ मैलांच्या आसपास, रुंदी मात्र बेताची. पश्चिम काठावर त्याच नावाचं लहानसं गाव आहे. दरवर्षी सप्टेंबर सरत आला की एका रविवारी इथे मॅरेथॉन भरते. गावातून उत्तरेकडे निघायचं, तळ्याच्या वरच्या टोकाला वळसा घालून पूर्व काठाला लागायचं, तो धरून दक्षिणेला उतरायचं आणि खालच्या टोकाला वळून पश्चिम काठाने परत गावात यायचं. या एका फेरीत २६.२ मैल, म्हणजे मॅरेथॉनचे बेचाळीस किलोमीटर आणि वर थोडे, भरून निघतात.

या फेरीत तळं सबंध वेळ उजव्या हाताला राहतं. मराठी माणसाच्या हे लगेच लक्षात येतं. देवळातली प्रदक्षिणा अशीच असते आणि नर्मदेच्या परिक्रमेतही मैया उजव्या हातालाच ठेवायची असते. इथल्या आयोजकांच्या मनात हे असण्याचं कारण नाही. रस्त्यांची सोय पाहून त्यांनी मार्ग आखला असणार. तरी पहिलं वळण घेऊन पूर्व काठाला लागल्यावर माझी चाल आपोआप बदलते. पुढच्याला गाठायची घाई ओसरते. ज्याच्याभोवती फिरायचं, त्याच्याकडे लक्ष ठेवून पाय टाकायचे, ही सवय आपल्या अंगात किती खोलवर मुरलेली आहे, ते तिथे कळतं.

सुरुवातीला तळं दिसतच नाही. रात्रीची हवा गारठलेली असते आणि पाण्यात मात्र उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते. त्या उबेची वाफ पहाटे थिजते आणि तळ्यावर धुकं होऊन बसते. पाण्याच्या जागी पांढरा पट्टा आणि त्यावर डोंगराचे माथे, एवढंच दृश्य. ऊन वर आलं की धुकं विरळ होत जातं आणि मग एकेक रंग उघडा पडतो. भूर्ज आणि पॉप्लर पिवळे, मेपल लाल, नारिंगी, आणि या सगळ्यांच्या मधून पाइन आणि हेमलॉक आपला काळपट हिरवा धरून उभे.

या लाल रंगाची गोष्ट पळणाऱ्यानं जरूर माहीत करून घ्यावी. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो. हरितद्रव्य नाहीसं झालं की तो नुसता दिसू लागतो. लाल मात्र मेपलला ऐन शेवटी घडवावा लागतो. दिवस लहान झाले की पानाच्या देठापाशी एक पडदा तयार होऊ लागतो आणि झाडाकडे जाणारी वाट हळूहळू बंद होते. दिवसाच्या उन्हात पान साखर तयार करतच असतं, ती पानातच अडकते आणि त्या साखरेतून लाल रंग तयार होतो. रात्री थंड पण गोठवणाऱ्या नसतील आणि दिवस लख्ख असतील, तर हा लाल विशेष खुलतो. आपल्याकडची पानगळ शिशिरातली, पाणी आटल्यामुळे होणारी. पळस, सावर आधी पानं टाकतात आणि मग निष्पर्ण फांद्यांवर फुलतात. इथे फूल वगैरे काही नाही. पान स्वतःच शेवटचे काही दिवस फुलासारखं होऊन घेतं.

आणि पळणाराही त्या सकाळी साखरेवरच चाललेला असतो. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर साधारण तीस किलोमीटरपर्यंत साथ देते. म्हणून मी खिशात गुळाचे खडे ठेवतो. दर काही मैलांनी एक खडा गालात धरायचा आणि तो विरघळेपर्यंत काहीच बोलायचं नाही. पायाखाली मेपलची पानं, त्यांच्यात साठलेली साखर रंग होऊन गेलेली. माझ्या मांड्यांत साठलेली चढ होऊन चाललेली. दोघांचाही हिशेब त्याच सकाळी संपणार आणि दोघांनाही हात राखून काही ठेवायचं नाही. झाडाचा आणि माझा इतका जवळचा संबंध मला एरवी कधी जाणवत नाही.

पूर्व काठ चढ-उतारांचा आहे. तळ्याकाठची शर्यत म्हणजे सपाट रस्ता असं वाटत असेल, तर तो समज तिसऱ्या-चौथ्या मैलातच जातो. हिमयुगात इथून बर्फाच्या प्रचंड चादरी सरकल्या. त्यांनी दऱ्या खरवडल्या, जुना कठीण खडक मात्र जागोजाग सोंडा होऊन पाण्यापर्यंत उतरलेला राहिला. बर्फ वितळल्यावर दऱ्यांत पाणी साठलं. आजचा रस्ता त्या सोंडांवरून चढतो आणि उतरतो. एका चढावर तळं झाडांआड जातं, उतारावर पुन्हा समोर येतं. गाडीतून जाताना याला वळणदार रस्ता म्हणून सोडून देतो आपण. पळताना मात्र प्रत्येक सोंड पोटरीला मोजावी लागते. या तळ्याचा काठ कसा घडला, हे मला नकाशापेक्षा या चढांनी शिकवलं.

थॉमस कोल हा चित्रकार १८३७ साली या भागात आला होता. पुढल्याच वर्षी त्यानं इथल्या स्क्रून डोंगराचं मोठं चित्र केलं. वादळ नुकतंच सरलेलं, पायथ्याची झाडं लाल-सोनेरी आणि त्यांच्यावर ढगांतून वर आलेलं शिखर. ते चित्र आता क्लीव्हलँडच्या कलासंग्रहालयात आहे. कोलनं एक जागा निवडली आणि सगळा डोंगर तिथून पाहिला. चित्रकाराला जागा निवडावीच लागते. फेरी मारणाऱ्याला मात्र एक अशी जागा नसते. सकाळी मागे राहिलेला डोंगर दुपारी समोर येतो, तेव्हा त्याचा आकारही वेगळा असतो आणि त्याच्यावरचं ऊनही.

कोलच्या काळानंतर या डोंगरांवर कुऱ्हाड जोरात चालली. ओंडके स्क्रून नदीत सोडायचे, ते हडसनमधून वाहत खालच्या लाकूड गिरण्यांपर्यंत जायचे. डोंगरच्या डोंगर उघडे पडले. जंगल गेलं तर हडसनचं पाणीही जाईल, ही धास्ती मोठ्या शहरांनाही वाटू लागली. १८८५ मध्ये राज्यानं राखीव जंगल जाहीर केलं, १८९२ मध्ये अ‍ॅडिरॉनडॅक पार्क झालं आणि १८९४ मध्ये लोकांनी मतदान करून राज्याच्या घटनेतच लिहून टाकलं, की ही सरकारी वनजमीन कायम रानच राहील, तिथलं झाड तोडलं जाणार नाही आणि विकलंही जाणार नाही. आज सुमारे साठ लाख एकरांचं हे पार्क आहे. त्यात खासगी जमीनही आहे, गावंही आहेत, आणि माणसं त्या नियमासह तिथे राहतात. म्हणून त्या सकाळी डोळ्यांत भरणारा लाल-पिवळा उतार मला नुसता निसर्गाचा वाटत नाही. त्यात सव्वाशे वर्षांहून अधिक काळ पाळलेला एक शब्द आहे.

निम्म्या अंतरावर अ‍ॅडिरॉनडॅक नावाचीच वाडी लागते. तिथे पाण्याच्या टेबलामागे एक सात-आठ वर्षांची मुलगी उभी होती. लोकरी हातमोजे ओले होऊ नयेत म्हणून काढून कोटाच्या खिशात कोंबलेले, बोटं गारठून लाल झालेली. कागदी कप तिनं मुठीत धरला नव्हता, तळहातावर उभा ठेवला होता. पळणाऱ्याला तो न सांडता उचलता यावा म्हणून. हे तिला कुणीतरी नीट शिकवलं होतं. मी कपाची कड चिमटीत दाबून चोच केली, पाणी प्यायलो आणि तिला म्हटलं, “थँक यू, बाळा.” शेवटचा शब्द तिला कळला नसेल, पण ती हसली.

पूर्ण मॅरेथॉन पळणारे इथे काहीशेच असतात. मुंबई मॅरेथॉनला पळणाऱ्यांचा लोंढा आपल्याला वाहून नेतो आणि त्याचीही मजा मी भरभरून घेतलेली आहे. इथे मात्र पहिल्या काही मैलांनंतर पुढचा माणूस वळणाआड जातो, मागचा ऐकू येईनासा होतो आणि आपण, आपला श्वास आणि रस्ता एवढेच उरतो. दोन हजारांहून कमी वस्तीचं गाव त्या दिवशी कामाला लागलेलं असतं. कुणी घरासमोर खुर्ची टाकून प्रत्येकासाठी टाळ्या वाजवतं, कुणी गाईच्या गळ्यातली घंटा हलवत बसतं, अग्निशमन दलाचे स्वयंसेवक वळणांवर उभे असतात. पळणारे थोडे, म्हणून त्यातला प्रत्येक जण त्यांना दिसतो. तासाभरानं येणाऱ्यालाही टाळ्या तेवढ्याच मिळतात.

पॉटर्सव्हिलपाशी तळ्याचं दक्षिण टोक मागे पडतं आणि रूट नऊचा जुना, रुंद रस्ता उत्तरेकडे नेतो. खरी मॅरेथॉन इथे सुरू होते. साखर संपत आलेली, मांड्या दगड झालेल्या, नजर पांढऱ्या रेघेला चिकटलेली. निसर्गरम्य शर्यत म्हणतात ती या वेळी कुठे असते, असा प्रश्न रास्त आहे. रंग तेव्हा दिसत नाहीत. पण ऊन कोणत्या खांद्यावर आहे, पाण्यावरून येणारा वारा कुठे गार लागतो, सावलीचा पट्टा किती पावलांचा आहे, हे अंगाला बारीकसारीक कळत असतं. सकाळी ज्याच्याकडे पाहत होतो, त्याचाच आता आधार घेत असतो. सुंदर जागेकडून माणसाला याहून मोठं काही मिळतं असं मला वाटत नाही. कौतुकापाशी थांबलं तर जागा समोरच राहते. कष्टानं तिच्यातून गेलं की ती आपल्या ओळखीची होते, आणि ओळखीच्या जागेची माणूस काळजी घेतो.

म्हणून मला वाटतं, की अशा लहान शर्यती आपल्या तळ्यांभोवती हव्यात. भंडारदऱ्याच्या जलाशयाला रतनवाडी, साम्रद, घाटघर असा वळसा घालता येतो. शरदात पाणी काठोकाठ असतं, सोनकीनं उतार पिवळे झालेले असतात. त्यासाठी मोठी बक्षिसं नकोत, मंडप नको, कर्णे तर नकोतच. शे-दोनशे पळणारे, रस्ता सांभाळायला गावातली जाणती माणसं, मागे राहिलेला प्रत्येक कागदी कप उचलल्याशिवाय घरी न जाणारी पोरं आणि शेवटचा भिडू येईपर्यंत थांबायची तयारी, एवढं जमलं की पुरे. हे करायची इच्छा असलेली गावं आपल्याकडे आहेत. त्यांच्यापैकी कुणी हाक दिली, तर मी पळायलाही येईन आणि पाणी वाटायलाही.