करंगळी

कोपराच्या हाडामागे दबलेला मज्जातंतू मोकळा करण्यासाठी माझ्या उजव्या हातावर शस्त्रक्रिया झाली, त्यास चार महिने लोटले. कोपर आपटताच करंगळीपर्यंत झिणझिण्या धावतात ना, त्या याच तंतूच्या! माझी करंगळी अजून बधिर आहे. इजा पोहोचलेला तंतू दिवसास सुमारे १ मिलिमीटर वाढतो, असे डॉक्टर म्हणाले. मी फूटपट्टी घेऊन मोजले. कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंत ४० सेंटिमीटर भरले. म्हणजे वर्षाहून अधिक काळ!

अक्षर वाकडे म्हणून मी कित्येक मुलांना पाने पुन्हा लिहावयास लावली. एखाद्याचा हात खरोखरच दुखत असेल, हे कधी मनात आले नाही. आता माझे अक्षर नात तपासते. काल म्हणाली, “आजोबा, ‘क्ष’ पुन्हा काढा.” मी काढला.