काळ्या मातीच्या मुलखात नेचा

आमच्या हिंगोली जिल्ह्यात नेचा विकत घेतला जातो श्रावणात आणि मरतो शिमग्याच्या आसपास. वनस्पतिशास्त्र शिकवतो म्हणून अशा कुंड्या माझ्याकडे ‘दाखवायला’ येतात. बहुतेकींची अवस्था सारखीच असते. माती चिखल आणि पाने कुरकुरीत. नेच्याचे पान पातळ, त्यावर मेणाचा थर जेमतेम. परतीचा पाऊस ओसरला की हवा कोरडी पडते आणि पानांतून उडून जाणारे पाणी मुळांना भरून काढता येत नाही. मालक मग घाबरून आणखी पाणी ओततात. मुळे कुजतात आणि होता तो पुरवठाही बंद पडतो.

नेच्याला काय मानवते ते पाहायचे तर एखाद्या जुन्या विहिरीत किंवा बारवेत वाकून बघावे. दगडांच्या सांध्यांतून हंसराज लोंबत असतो. देठ काळेभोर, तारेसारखे, पाने नाजूक. तिथे मूठभरही माती नसते. सावली असते, गारवा असतो, खालच्या पाण्याचा दमटपणा असतो. नेच्याला फूल नाही, बी नाही. पानामागचे बीजाणू ओल्या जागी पडले की नखाहून लहान हिरवी चकती तयार होते आणि तिच्यावरच्या नर पेशींना स्त्रीपेशीपर्यंत चक्क पोहत जावे लागते. पाण्याचा पापुद्रा नसेल तर पुढची पिढी नाही.

म्हणून कुंडीत आपली काळी माती भरू नये. वसमतच्या हळदीला मानवणारी ही जमीन कुंडीत ओली झाली की चिकटते, वाळली की भेगाळते. पालापाचोळ्याचे कुजलेले खत, कोकोपीट, थोडी जाड वाळू आणि तळाशी विटांचे तुकडे पुरेत. कोकोपीट एकदा कडक वाळले की वरून घातलेले पाणी कडेने निघून जाते. तेव्हा कुंडी थोडा वेळ बादलीतच बुडवावी. बोअरच्या जड पाण्याने पानांची टोके करपतात. साठवलेले पावसाचे किंवा एसीतून ठिबकणारे पाणी उत्तम. आरओच्या नळीतून बाहेर पडणारे पाणी मात्र टाळा, त्यात क्षार वाढलेले असतात. कूलरच्या टाकीतलेही तसेच.

पानामागे तपकिरी ठिपके दिसले की लोक औषध फवारतात. आधी नीट बघावे. ठिपके ओळीने, सारख्या अंतरावर असतील तर ते बीजाणूंचे पुंजके. देठावरही कुठेकुठे चिकटलेले आणि नखाने खरवडून निघणारे असतील तर खवले कीड.

१८२९ च्या सुमारास लंडनमध्ये नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या डॉक्टरने पतंगाचा कोष मातीसकट बंद बाटलीत ठेवला होता. त्या मातीतून नेचा उगवला. बाहेर कोळशाच्या धुरात त्याचे नेचे तग धरत नव्हते, बाटलीत मात्र वाढत राहिले. पुढे अशाच काचपेट्यांतून चहाची रोपे चीनमधून हिंदुस्थानात आली. बेचाळीस अंशांच्या मे महिन्यात आपणही लहान हंसराज काचेच्या मोठ्या बरणीत ठेवू शकतो. फक्त बरणीवर ऊन पडू देऊ नये, नाहीतर आत रोप शिजते.

गावोगावच्या व्हरांड्यांत बिनतक्रार वाढणारा ‘अस्पॅरागस फर्न’ हा नेचा नव्हेच. तो शतावरीचा भाऊबंद. त्याला फुले येतात, फळेही धरतात. तो टिकला म्हणून दुसरा टिकेलच असे समजू नये.

दिवाळीत कुंडी आणणार असाल तर हंसराजाच्या मोहात न पडता बोस्टन फर्न घ्या. उत्तरेकडच्या खिडकीशी किंवा मोरीजवळच्या उजेडात, इतर कुंड्यांच्या घोळक्यात ठेवा. उन्हाळ्यात खत नको. वाळलेली पाने बुडाशी कापा, पण कुंडी फेकू नका. कंद हिरवट आणि टणक असला तर मृगाच्या पावसानंतर गुंडाळलेली नवी पाने फुटतात. एक उन्हाळा असा निभावला, की मग हंसराज आणा.