पाऊण लिटर पाणी

थंडीची पहाट म्हटली की मला आजही पऱ्हाटीचा धूर आठवतो. अंगणात तांब्याचा बंब पेटलेला असायचा. आजी मधल्या नळीत पऱ्हाटीचे तुकडे सोडायची. नळीभोवती पाणी, खाली जाळी, जाळीखाली राख. आमचं हिंगणघाट कापसाचं गाव. वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटून घरोघर सरपण व्हायचं. एवढ्याशा काड्यांवर घरभराच्या आंघोळीचं पाणी कसं तापायचं, याचा विचार तेव्हा कधी केला नाही. बंबात विस्तव पाण्याच्या पोटात असतो. धगीला बाहेर पळायला फारशी वाट नसते. आयर्लंडमधली केली किटली याच तत्त्वावर चालते, हे पुढे वाचलं तेव्हा मला आजीचीच आठवण झाली.

बंबाचं हे शहाणपण मला खरं कळलं ते रतनगडावर, पाणी तापेना तेव्हा.

गुहेत मुक्काम होता. घरातला तीन लिटरचा गंज (पातेल्याला आमच्याकडे गंज म्हणतात) मी सॅकला बांधून नेला होता. झाकण घरीच राहिलं. गुहेच्या तोंडातून वारा आत घुसत होता, छोट्या शेगडीची ज्योत आडवी पडत होती. गंजाच्या बुडाशी बारीक बुडबुडे धरायचे आणि तिथेच चिकटून बसायचे. रुंद तोंडातून वाफ सरळ निघून जायची. घामेजल्या अंगाला वारं लागून सोबतचा मित्र कुडकुडत होता. त्याच्या हातात गरम पेला द्यायला पाऊण तास लागला, आणि पहाटेच्या चहाला गॅस उरला नाही. त्या रात्री त्याचे वाजणारे दात ऐकत मी जागा राहिलो. भांडं निवडणं ही किरकोळ गोष्ट नाही, हे तेव्हापासून मी मनापासून मानतो.

एक लिटर पाणी वीस अंशांवरून शंभरावर न्यायला ८० किलोकॅलरी लागतात. तेवढी उष्णता द्यावीच लागते. वाचवता येते ती वाऱ्यावर आणि वाफेवर जाणारी. म्हणून भांड्याचं बूड ज्योतीपेक्षा रुंद हवं, झाकण घट्ट हवं, आणि पाणी लागेल तेवढंच घ्यायला हवं.

परत आल्यावर गावातल्या भांड्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार काकाजींनी आधी विचारलं, "एकट्याले किती पाणी लागते?" मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन पेल्यानं मोजलं. दोन पेले चहा आणि वर थोडं, म्हणजे पाऊण लिटर. दुसऱ्या दिवशी आकडा घेऊन गेलो. गॅसचा २३० ग्रॅमचा डबा सुमारे ११ सेंटिमीटर रुंद असतो. तो ज्या भांड्यात उतरतो, त्याला सॅकमध्ये वेगळी जागा लागत नाही. टायटॅनियमचं भांडं वजनाला फुलासारखं, पण फार महाग. शिवाय त्यात धग एकाच जागी साचते. नुसतं पाणी उकळायचं तर ते चालतं. आपला चहा मात्र दुधाचा, आणि दूध बुडाला लागतं. स्टील टिकाऊ, पण जड. मी हार्ड ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमचं भांडं घेतलं. ॲल्युमिनियममधून उष्णता स्टीलच्या दहापट आणि त्याहूनही जास्त वेगानं पसरते. दांड्या घडीच्या, झाकणाला वाफेची भोकं.

त्या संध्याकाळी भांडं हातात घेऊन घरी येताना ओझ्याच्या विचारानं विल्यम लॅम्बटन आठवला. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ पायारेषा मोजायला घेऊन त्यानं भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली, आणि पुढची वीस वर्षं बहुतेक तंबूत काढली. त्याचा मोठा थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र) सुमारे अर्धा टन वजनाचा होता. जानेवारी १८२३ मध्ये हैदराबादहून नागपूरला निघालेला हा म्हातारा वाटेत आमच्या हिंगणघाटात वारला. त्याची कबर इथेच आहे. लहानपणी आम्हांला कुणी हे सांगितलं नाही, याची मला हळहळ वाटते. त्याच्या छावणीत जानेवारीतल्या पहाटे पाणी कशात तापत असेल? एवढं मात्र खरं की त्याचं ओझं वाहायला ताफा होता, माझं मलाच वाहायचं आहे.

त्याच शतकात हिमालयात फिरणारे जोसेफ हूकरसारखे प्रवासी उकळत्या पाण्यात थर्मामीटर बुडवून डोंगराची उंची काढत. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. कळसूबाईच्या १,६४६ मीटरवर ते ९५ अंशांच्या आसपासच खदखदू लागतं. तिथे चहा थोडा जास्त वेळ उकळू द्यावा लागतो.

नंतर तेच भांडं घेऊन आम्ही दोघं पुन्हा रतनगडावर गेलो. दगडांचा आडोसा केला, गॅसचा डबा मात्र पुरता झाकला नाही. तो तापला तर धोका असतो. झाकण थरथरू लागलं आणि भोकांतून वाफेचा दोरा निघाला. मित्रानं पेला पुढे केला.

तुम्ही भांडं घ्यायला जाल तेव्हा गॅसचा डबा सोबत न्या. तो आत ठेवा आणि वर झाकण लावून बघा. झाकण बसलं नाही तर भांडं परत ठेवा.